आंतरराष्ट्रीय शाळेत पाच ते दहा वर्षांच्या मुलांना संगणक कसा शिकवावा?

आपण आतापर्यंत मोठ्या विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र शिकवले आहे आणि आता एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या प्राथमिक विभागातले, पाच ते दहा वर्षांच्या मुलांचे तास आपल्याकडे आले आहेत. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून ४० मिनिटांची एकच तासिका मिळणार आहे आणि वर्गात अनेक देशांतली, घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले आहेत. सुरुवात कोठून करावी, कोडिंग शिकवावे की टायपिंग, साधने कोणती घ्यावीत, इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे काय करावे आणि प्रगतिपुस्तकात काय लिहावे, हे आपले प्रश्न आहेत. याच वयाच्या मुलांना मी बरीच वर्षे संगणक शिकवत आले आहे, त्यामुळे जे सांगते आहे ते वर्गात वापरून पाहिलेले आहे, आणि जेथे माझे मत इतरांपेक्षा वेगळे आहे तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

साधनांची यादी करण्याआधी, वर्षभर मुलांना कोणती एक सवय लावायची आहे हे ठरवावे. माझ्या वर्गात ती सवय अशी आहे: बटण दाबण्याआधी ‘आता काय होईल’ हे मुलाने सांगायचे आणि दाबल्यानंतर तसेच झाले का हे पाहायचे. पाच वर्षांचे मूल बोटाने दाखवून सांगते, सात वर्षांचे तोंडी सांगते आणि नऊ-दहा वर्षांचे वहीत दोन ओळी लिहून सांगते. हे ऐकायला अगदी साधे वाटते, पण आजच्या मुलांसाठी ते सर्वांत अवघड आहे. चालता येऊ लागण्याच्या आधीपासून टॅबलेट हाताळलेली ही मुले काहीतरी घडेपर्यंत पडद्यावर टिचक्या मारत राहण्यात तरबेज असतात आणि त्यांचा तो वेग पाहून ‘आमच्या मुलाला सगळे येते’ असा पालकांचाच नव्हे, तर कित्येक शिक्षकांचाही समज होतो. पडद्यावर चुकीचे बटण दाबल्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, म्हणून विचार करण्याची गरजही मुलाला भासत नाही. तो मधला क्षणभराचा थांबा शिक्षकाने मुद्दाम निर्माण करावा लागतो, आणि पुढे मी जी साधने व पद्धती सुचवणार आहे त्या सगळ्यांची निवड मी याच कसोटीवर करते.

आधी वेळेचा हिशेब. मोठ्यांच्या वर्गातून येणाऱ्या शिक्षकांना तो सुरुवातीला अविश्वसनीय वाटतो. ४० मिनिटांच्या तासात लहान मुले वर्गशिक्षिकेकडून रांगेने येतात, जागेवर बसतात, लॉगिन करतात आणि शेवटी सगळे बंद करून पुन्हा रांगेत उभी राहतात, त्यामुळे शिकण्यासाठी प्रत्यक्षात वीस-बावीस मिनिटे हाती लागली तरी तो तास चांगला गेला असे मी समजते. यातला सर्वांत मोठा चोर म्हणजे लॉगिन. कारणही नीट समजून घ्यावे. पाच-सहा वर्षांचे मूल वर्गात लहान लिपीतली इंग्रजी अक्षरे शिकत असते आणि कीबोर्डच्या कळांवर मात्र मोठ्या लिपीतली अक्षरे छापलेली असतात. कागदावर ओळखीचा असलेला लहान ‘जी’ त्याला कळांवर दिसतच नाही, लहान ‘एल’, मोठा ‘आय’ आणि अंक १ यांतला फरक कळत नाही, आणि त्यात शाळेने दिलेले वापरकर्तानाव अठरा अक्षरांचे असते. म्हणून शाळेच्या तंत्रज्ञान विभागाकडे पहिली मागणी करावी ती सात वर्षांखालच्या मुलांना क्यूआर कोडच्या ओळखपत्राने किंवा चित्रांच्या पासवर्डने प्रवेश मिळावा अशी. ते शक्य नसेल तर कळांवर लहान लिपीतल्या अक्षरांचे स्टिकर लावावेत आणि प्रत्येक मुलाचे नाव व पासवर्ड मोठ्या ठशात छापलेले पत्रक तासापुरते द्यावे. तास संपताच ते परत गोळा करावे, कारण पासवर्ड जपायचा असतो हा धडाही त्यातूनच जातो.

माउसबद्दलही हेच. दोनदा जलद क्लिक करणे आणि बटण दाबून धरून वस्तू ओढून नेणे या दोन्ही हालचाली सहा वर्षांच्या बोटांना जड जातात. लॅपटॉपच्या टचपॅडवर तर ओढून नेणे जवळजवळ अशक्य होते. लहान आकाराचे माउस मागवावेत, दोन क्लिकमधला अवधी संगणकाच्या सेटिंगमध्ये वाढवून ठेवावा आणि सर्वांत लहान वर्गांना टॅबलेट द्यावेत. एक नियम मात्र स्वतःसाठी पाळावा: मुलाच्या हातातला माउस आपण घ्यायचा नाही. घाईत असलेला शिक्षक दोन सेकंदांत अडचण सोडवून पुढे जातो आणि मूल शिकते ते एवढेच की अडले की हात वर करायचा. मी पाठीमागे हात बांधून उभी राहते आणि विचारते, ‘तुला काय व्हायला हवे होते? आणि काय झाले?’ बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता देताच मुलाला चूक दिसते.

सूचना देताना पडदे चालू असतील तर सूचना कोणीही ऐकत नाही. लॅपटॉपची झाकणे अर्धी खाली, टॅबलेट पालथे, हात मांडीवर, ही खूण पहिल्याच तासाला शिकवून पुढचे काही तास तिचा न कंटाळता सराव घ्यावा. मी तर प्रत्येक तासाची सुरुवात सतरंजीवर, यंत्रांपासून दूर करते, कारण पडद्यासमोर बसलेल्या मुलाकडून विचाराची अपेक्षा करणे हे त्याच्यावर अन्यायकारक आहे.

आता साधने. पाच ते सात या वयासाठी मी पडद्याआधी जमिनीवर चालणारा रोबोट निवडते. बी-बॉट हे त्यातले सर्वांत रुळलेले खेळणे आहे. त्याच्या पाठीवर पुढे, मागे, डावीकडे वळ आणि उजवीकडे वळ अशी चार बटणे असतात, शिवाय थांबण्याचे, आधीच्या सूचना पुसण्याचे आणि मधोमध ‘चल’ म्हणण्याचे बटण असते. तो एका सूचनेला बरोबर १५ सेंटिमीटर सरकतो आणि वळताना जागच्या जागी ९० अंशांत वळतो. म्हणून जमिनीवर चिकटपट्टीने १५ सेंटिमीटरचे चौकोन आखले की झाले.

या खेळण्याची खरी गंमत त्याच्यामुळे होणाऱ्या दोन चुकांत आहे, आणि त्या चुका टाळण्यासाठी मुलांना आधीच सावध करू नये असे माझे ठाम मत आहे. पहिली चूक वळण्याची. मूल ‘पुढे, पुढे, डावीकडे’ अशी तीन बटणे दाबते आणि रोबोट तिसऱ्या सूचनेला डावीकडच्या चौकोनात जाईल अशी त्याची खात्री असते. रोबोट जागेवरच वळतो आणि थांबतो. मूल गोंधळते, पुन्हा तेच करते, पुन्हा तेच घडते. अशा वेळी मी त्याला उठून चौकोनात उभे राहायला सांगते आणि वर्गातले दुसरे मूल तीच सूचना त्याला देते: ‘डावीकडे वळ.’ वळल्यावर ते स्वतःच पायाखाली पाहते आणि म्हणते, ‘मी तर इथेच आहे.’ वळणे आणि सरकणे या दोन वेगळ्या सूचना आहेत हे त्याला अशा वेळी जे कळते ते फळ्यावर बाण काढून कळत नाही. रोबोटचे तोंड मुलाकडे असले की त्याचा डावा आपला उजवा होतो. हा घोळ तर मोठ्यांनाही सुटत नाही. तोही याच मार्गाने, रोबोटच्या मागे जाऊन उभे राहिल्यानेच सुटतो.

दुसरी चूक स्मृतीची. आधी दिलेल्या सूचना पुसण्याचे बटण न दाबता नव्या सूचना दिल्या की रोबोट जुन्या सूचनांपासून सुरुवात करून मग नव्या पाळतो. पाच वर्षांच्या मुलाला वाटते की रोबोट रुसला किंवा त्याने ऐकले नाही. यंत्राला मन असते ही या वयातली स्वाभाविक समजूत आहे, तिची थट्टा करू नये. पण रोबोटने काय काय केले हे त्याला पहिल्यापासून मोजायला लावावे. ‘हे आधी दोन वेळा पुढे गेले ते कोणी सांगितले होते?’ या प्रश्नावर वर्गातले कोणीतरी ओरडते की ते तर मघाशी आपणच सांगितले होते. यंत्र दिलेल्या सूचना लक्षात ठेवते आणि नेमके तेवढेच करते, ही संगणकशास्त्रातली अत्यंत पायाभूत कल्पना मुलांच्या हाती अशी आपसूक येते.

ही कल्पना नवी नाही. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. पुढे त्या भाषेतल्या सूचना पाळणारे एक यांत्रिक कासव जमिनीवर चालू लागले. पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हात बालमनाचे अभ्यासक झाँ पियाजे यांच्याबरोबर काम केले होते, आणि मूल स्वतःच्या शरीराने जे अनुभवते त्यावर त्याचे गणित उभे राहते ही जाण त्यांच्या कामात पदोपदी दिसते. आज बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळण्याकडे मी याच नजरेने पाहते. मुलाला त्या यंत्राच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येते का? येत असेल तर ते घ्यावे. नुसते दिवे लावून नाचत असेल तर शाळेचे पैसे वाचवावेत.

रोबोटनंतर स्क्रॅच ज्युनियर, म्हणजे पडद्यावर सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून पात्रे हलवण्याचे ॲप. हे २०१४ मध्ये आले, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे, फुकट आहे आणि त्याच्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रे आहेत, त्यामुळे वाचता न येणारे मूलही ते वापरू शकते. त्यात एक जाळी दाखवण्याचे बटण असते आणि बरेच शिक्षक ते कधी दाबतच नाहीत. ते दाबल्यावर पडद्यावर आडवे २० आणि उभे १५ चौकोन दिसतात, आणि हालचालीच्या ठोकळ्याखाली लिहिलेला आकडा म्हणजे तितके चौकोन. मांजर पाचव्या रकान्यात आणि झाड बाराव्यात असेल तर झाडापर्यंत जायला कोणता आकडा लिहावा, हे मूल आधी बोटाने मोजते, आकडा लिहिते आणि मग प्रोग्राम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबते. ‘आता काय होईल’ हा प्रश्न येथे मोजता येण्याजोगा होतो. जाळी बंद ठेवून मुलांना मनसोक्त खेळू दिले तर तासाअखेर प्रत्येकाच्या पडद्यावर रंगीत गर्दी असते आणि कोणालाही आपल्या मांजराने असे का केले हे सांगता येत नाही.

स्क्रॅच हे त्याचे मोठे भावंड. ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केले आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते मुख्यतः आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे आणि आठ म्हणजे खरोखर आठ. हुशार वर्ग म्हणून सहा वर्षांच्या मुलांपुढे ते आणण्याचा मोह पालकांच्या आग्रहामुळे होतो, तो टाळावा. स्क्रॅचच्या रंगमंचाची, म्हणजे पात्रे जेथे हलतात त्या भागाची, रुंदी ४८० आणि उंची ३६० इतकी असते आणि शून्य मधोमध असतो, म्हणजे डावा अर्धा भाग उणे संख्यांचा. ज्या मुलांना उणे संख्या अजून गणितात शिकवलेल्या नाहीत त्यांना थेट स्थानांक, म्हणजे पात्राची जागा सांगणाऱ्या आडव्या-उभ्या संख्या, देणे म्हणजे दोन अवघड गोष्टी एकदम डोक्यावर टाकणे होय. तेथे आधी ‘चाला’ आणि ‘वळा’ हे ठोकळे द्यावेत आणि स्थानांकांसाठी स्क्रॅचच्याच संग्रहात असलेली आखीव पार्श्वभूमी वापरावी. आणखी एक अडचण जवळजवळ प्रत्येक वर्गात येते. मूल दहा पावले, वळा, दहा पावले, वळा असे ठोकळे जोडते, झेंडा दाबते आणि म्हणते की काहीच झाले नाही. झालेले असते सगळे, पण डोळ्यांना दिसण्याआधीच संपलेले असते. मध्ये एक सेकंद थांबण्याचे ठोकळे टाकले की तीच मालिका एकेक पाऊल उलगडून दिसते. हा उपाय लगेच सांगू नये. ‘काहीच झाले नाही की फार लवकर झाले?’ एवढेच विचारून थोडा वेळ द्यावा.

मोठ्या मुलांसाठी पाठटाचण बनवताना मला सर्वांत उपयोगी पडलेला आराखडा सू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला आहे, तो प्रिम या नावाने ओळखला जातो. तयार प्रोग्राम मुलांपुढे ठेवायचा, तो काय करेल याचा अंदाज घ्यायचा, चालवून पाहायचा, आत डोकावून कोणता ठोकळा काय करतो हे शोधायचे, त्यात बदल करायचा आणि शेवटी स्वतःचे काही बनवायचे. वाचता येण्याआधी कोणाला निबंध लिहायला आपण लावत नाही, पण कोडिंगच्या तासात मात्र पहिल्याच दिवशी कोऱ्या पडद्यावर ‘तुम्हाला हवे ते बनवा’ असे सर्रास सांगितले जाते. त्याच्या उलट टोकाला, व्हिडिओ लावून त्यातली प्रत्येक कृती मुलांकडून जशीच्या तशी करून घेणारे तासही मी पाहिले आहेत. तेथे सगळ्यांचा खेळ सारखा आणि नीट चालणारा बनतो, पालकसभेत कौतुकही होते, पण एक ठोकळा काढून टाकला तर काय बिघडेल हे एकाही मुलाला सांगता येत नाही.

जोड्यांत काम करवणे मला एकेकट्याने करवण्यापेक्षा अधिक पसंत आहे, यंत्रे पुरेशी असली तरीही. एकाच्या हातात माउस आणि दुसऱ्याने सांगायचे, काही मिनिटांनी अदलाबदल. ज्याच्या हातात माउस नाही त्याला मनातले शब्दांत आणावेच लागते आणि तोच आपल्याला हवा असलेला थांबा आहे. अदलाबदलीची वेळ शिक्षकाने स्वतः जाहीर करावी, नाहीतर दांडगे मूल तासभर माउस सोडत नाही.

यंत्राशिवाय शिकवण्याचे तास आठवड्याच्या वेळापत्रकात अभिमानाने ठेवावेत, केवळ इंटरनेट बंद पडल्यावर नव्हे. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकापासून ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने असे अनेक उपक्रम तयार केले आहेत. त्यांतला माझ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा आवडता म्हणजे ठिपक्यांच्या पाच पत्त्यांचा. पाच मुले रांगेत उभी राहतात, त्यांच्या हातातल्या पत्त्यांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ ठिपके असतात. पत्ता दाखवायचा किंवा पालथा धरायचा, एवढेच. मी म्हणते, ‘मला ११ ठिपके दाखवा.’ थोड्या कुजबुजीनंतर ८, २ आणि १ उघडतात. मग शून्यापासून एकेक वाढवत जायचे आणि उजवीकडच्या मुलाच्या लक्षात येते की आपला पत्ता प्रत्येक वेळी उलटतो आहे, तर डावीकडच्याला कितीतरी वेळ स्वस्थ उभे राहावे लागते. सगळे पत्ते उघडे झाले की ३१. ३२ कसे दाखवायचे असे विचारल्यावर सहावा पत्ता हवा आणि त्यावर ३२ ठिपके हवेत, हे मुले स्वतःच सांगतात. द्विमान पद्धतीवर, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांत संख्या मांडण्याच्या पद्धतीवर, मी याहून चांगला तास घेतलेला नाही.

टायपिंगचा प्रश्न मी थोडक्यात मिटवते. सात वर्षांपर्यंत त्याचा वेगळा सराव घेऊ नये, कारण सगळ्या कळांवर बोटे नीट पसरतील एवढे हातच मोठे नसतात. आठव्या वर्षापासून तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे, नेमाने, एवढे पुरते. आंतरराष्ट्रीय शाळेत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: फ्रान्समधून आलेल्या मुलाच्या बोटांना ‘ए’ हे अक्षर आपल्या ‘क्यू’च्या जागी सापडते आणि जर्मनीतून आलेल्याचे ‘वाय’ आणि ‘झेड’ उलटसुलट असतात. असे मूल हळू टाइप करते म्हणून त्याला मागे समजू नये.

भाषेकडे मी अधिक लक्ष देते. ज्या मुलाला शाळेची भाषा येत नाही त्याच्या आठवड्यातल्या बहुतेक तासांत ते गप्प बसलेले असते. संगणकाचा तास हा चित्रकला आणि खेळाप्रमाणे अशा मोजक्या तासांपैकी आहे जेथे ते पहिल्या आठवड्यातच इतरांच्या बरोबरीने, कधी कधी पुढेही असू शकते. नव्या भाषेत आलेले मूल सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिनेही जवळजवळ न बोलता केवळ ऐकत असते, हे सर्वसामान्य आहे. ‘आता काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर त्याने बोटाने, चित्राने किंवा रोबोटच्या जागी स्वतः चालून दिले तरी ते पूर्ण उत्तर मानावे. स्क्रॅचमध्ये पृथ्वीच्या गोलाच्या चिन्हावरून ठोकळ्यांची भाषा क्षणात बदलता येते आणि रचना, रंग व आकार तेच राहतात. शेजारी बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचे ठोकळे कोरियन भाषेत आणि दुसऱ्याचे इंग्रजीत असले तरी दोघे रंग आणि आकार पाहून एकमेकांचा प्रोग्राम तपासू शकतात. अरबी किंवा हिब्रू निवडल्यास ठोकळे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, हे पाहून इतर मुलांना जे आश्चर्य वाटते त्याला तासातली पाच मिनिटे खुशाल द्यावीत.

घरची भाषा बोलू देण्यास काही शाळांचा विरोध असतो. माझा आग्रह असा की विचार करताना मुलांनी हव्या त्या भाषेत बोलावे आणि सांगताना शाळेच्या भाषेतली ठरावीक वाक्ये वापरावीत. ती वाक्ये भिंतीवर चित्रांसह लावावीत: ‘मला वाटते की आता अमुक होईल’, ‘मला हे हवे होते, पण ते झाले’, ‘मी हे बदलले, कारण’. प्रत्येक सत्रात नवे पारिभाषिक शब्द थोडेच घ्यावेत आणि ते वर्गशिक्षिकेला व भाषेच्या साहाय्यक शिक्षिकेला आधी कळवावेत. क्रम, पुनरावृत्ती, अट हे शब्द इतर विषयांतही लागतात, त्यामुळे त्यांनाही ते हवेच असतात.

शाळेचा अभ्यासक्रम कोणता आहे यावर आपल्याला किती मोकळीक आहे हे ठरेल. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सप्टेंबर २०१४पासून संगणन हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून आहे आणि साध्या प्रोग्रामच्या वर्तनाचा तर्काने अंदाज बांधणे ही त्यातली सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची स्पष्ट अपेक्षा आहे. तो अभ्यासक्रम पाळणाऱ्या शाळेत वर सांगितलेली सवय थेट चौकटीत बसते. आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या) प्राथमिक कार्यक्रमात, म्हणजे तीन ते बारा वर्षांच्या मुलांच्या कार्यक्रमात, विषयांच्या सीमा ओलांडणारे सहा व्यापक विषयसूत्र असतात आणि संगणकाचा तास त्यांच्याशी जोडावा अशी अपेक्षा असते. ही जोडणी सुंदर होऊ शकते. पाण्याच्या चक्रावर काम चालू असेल तर थेंबाचा प्रवास स्क्रॅच ज्युनियरमध्ये पानापानाने दाखवताना क्रम आणि पुनरावृत्ती दोन्ही येतात. पण सावध राहावे. जोडणीच्या नावाखाली आपला तास इतर शिक्षकांच्या प्रकल्पांची सादरीकरणे सजवण्याचा तास होतो, मुले चित्रे शोधण्यात आणि अक्षरांचे रंग बदलण्यात महिना घालवतात आणि संगणकाविषयी काहीच शिकत नाहीत. नियोजनाच्या बैठकीला स्वतः जावे आणि या घटकात संगणकाची कोणती कल्पना शिकवली जाणार आहे हे वाक्य आराखड्यात लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

सुरक्षिततेबाबत शाळेचे धोरण असतेच, तरी कायद्याची पार्श्वभूमी आपल्याला माहीत असावी. अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यासाठी पालकांची संमती लागते. युरोपीय संघाच्या नियमात हे वय १६ आहे आणि सदस्य देशांना ते १३पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३च्या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. आंतरराष्ट्रीय शाळेत शाळा एका देशात, सेवा दुसऱ्या देशातली आणि कुटुंब तिसऱ्याच देशातले असते, त्यामुळे मी कमीत कमी माहिती देणारा मार्ग धरते: शक्य तेथे इंटरनेट न लागणारे ॲप, खाते लागलेच तर खऱ्या नावाऐवजी प्राण्याचे नाव आणि अंक, आणि मुलांचे चेहरे किंवा आवाज असलेले काम शाळेबाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर न टाकणे. प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा या वयाच्या मुलांच्या हाती स्वतंत्रपणे देऊ नयेत. मात्र यंत्राला उदाहरणे दाखवून ‘शिकवणे’ म्हणजे काय, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना पाने आणि दगड यांच्या चित्रांची वर्गवारी करून उत्तम समजते. यंत्राला केवळ हिरवी पाने दाखवली असतील तर सुकलेले तपकिरी पान ते दगडांत टाकू शकते, आणि तसे झाले की दोष पानाचा, यंत्राचा की उदाहरणे निवडणाऱ्याचा यावर वर्गात खरी चर्चा होते.

राहिले मूल्यमापन. तयार झालेल्या खेळाला गुण देऊ नयेत, कारण जोडीतले कोणी काय केले आणि घरी कोणी मदत केली हे त्यावरून कळत नाही. मी सत्रात दोनदा प्रत्येक मुलाजवळ दोन-तीन मिनिटे बसते आणि दोनच गोष्टी करवून घेते. चार-पाच ठोकळ्यांचा न पाहिलेला प्रोग्राम दाखवून तो काय करेल हे विचारते आणि मग एक बिघडलेला प्रोग्राम देऊन तो दुरुस्त करायला सांगते. इतर मुले तेवढा वेळ जोड्यांत काम करत असतात, त्यामुळे तीन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. प्रगतिपुस्तकात ‘संगणक आवडतो’ असा शेरा न लिहिता ‘चार सूचनांच्या क्रमाचा अंदाज अचूक सांगते, पुनरावृत्ती असेल तर पहिली फेरीच सांगते, चूक शोधताना एका वेळी एकच बदल करते’ असे लिहावे. आंतरराष्ट्रीय शाळांत मुले वर्षाच्या मध्येही येतात आणि जातात. नव्याने आलेल्या मुलाला पहिल्याच तासाला हीच दोन कामे चित्रांच्या ठोकळ्यांवर दिली, तर त्याला आपली भाषा येत नसली तरी ते कोठे उभे आहे हे आपल्याला कळते, आणि शाळा सोडून जाणाऱ्या मुलाबरोबर अशी तीन वाक्ये गेली तर त्याच्या पुढच्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.